अर्ध्या काड्यांचा किच्चू

"थांबा की वो, इंजिनेर. द्या इकडं ती."

सिगारेट पेटवून काडी फेकायला मी हात उचलला, की शेजारच्या पायरीवरून हे वाक्य ठरलेलं. मी निमूटपणे काडी द्यायचो. रेंजर अण्णा तिचे कटकन दोन तुकडे करायचे, काळं टोक चिमटीत चुरडायचे आणि दोन्ही तुकडे सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग म्हणायचे, "विझली, असं डोळा सांगतो. हाताला विचारून घ्यावं."

आता तुम्हीच सांगा, आम्ही बसलेलो सिमेंटच्या पायरीवर, समोर लाल मातीचा उघडा रस्ता, पलीकडं कुणाच्या तरी घरासाठी आणून टाकलेला खडीचा ढीग. पेटण्यासारखं होतं काय तिथं? मी एकदा विचारलंही, "अण्णा, इथं काय पेटणार? खडी?"

ते हसले नाहीत. "हिथं सवय मोडली तर जंगलात गेल्यावर हात चुकतो," म्हणाले.

त्यांना जंगलातून उचलून वनखात्याच्या बंगळूरच्या कचेरीत आणून बसवल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. परत तिकडं पाठवण्याचं कुणाच्या मनात नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मग मीही हसलो नाही.

त्यांच्या बायकोला सगळी आळी अक्का म्हणायची. धुणं धुताना खिशातून काड्यांचे तुकडे निघाले की अक्का मागच्या परसातून ओरडायच्या, "लोकांचे नवरे खिशात रुमाल विसरतात, आमचे सरपण विसरतात!" पण टाकून मात्र द्यायच्या नाहीत. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात भरून ठेवायच्या. कशाला ठेवता म्हणून माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "टाकू देत न्हाईत, मग काय करू? माझी घटका भरायच्या आधी हा डबा भरणार बघ."

ही पन्नासचं दशक सरून साठचं लागल्यानंतरची गोष्ट. बनशंकरीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्या वेळी घरं तुरळक होती. मी पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीसाठी आलेलो. ते बेळगावकडचे. वाक्य मराठीत सुरू करून कन्नडात संपवायचे आणि मला ते कळलं असं धरून चालायचे. आमची दोन्ही घरं एकाच मालकाची, मधे एक भिंत, मागं सामाईक परस, परसात एक पेरूचं झाड. गच्चीवर चढलं की दक्षिणेला शेतांच्या पलीकडं बन्नेरघट्ट्याकडच्या टेकड्या दिसायच्या. त्याच टेकड्यांवर अण्णांची रेंजर म्हणून उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सकाळी दात घासायला ते गच्चीवर जायचे आणि दात घासून कधीच झालेले असले तरी तिथंच उभे राहायचे.

कचेरीत त्यांच्या टेबलासमोर खिडकी होती. खिडकीसमोर दुसऱ्या कचेरीची भिंत. "भिंतीवरचे पोपडे आता मला नावानं ओळखतात," असं म्हणायचे. थट्टा करण्याची ही त्यांची तऱ्हा. थट्टा आहे हे कळेपर्यंत ती संपलेली असायची आणि मागं काहीतरी जड उरायचं.

त्यांना शहरात आणलं होतं ते एका प्रश्नासाठी. जंगलाच्या कडेच्या गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या राखीव जंगलात चरायला जात. आता वर कुणाच्या तरी मनात आलं होतं, की या जंगलाचं पुढंमागं राष्ट्रीय उद्यान करावं. मग तिथं गुरं राहू द्यायची की बंद करायची? खात्यात दोन तट पडले. एक तट म्हणे, गुरं रोपं खातात, माती तुडवतात, आपले रोग रानगव्यांना देतात, आणि वर गुराखी कोवळं गवत यावं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला काडी लावतो. दुसरा तट म्हणे, गुरं गवत खातात म्हणून तर वणवा गुडघ्याच्या वर येत नाही. गुरं काढा, मग बघा. अण्णांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून त्यांना बोलावलं. आणि डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळंच त्यांना कुठल्याच तटात बसता येईना.

"दोघंबी खरं बोलत्यात," ते पायरीवर बसून म्हणायचे. "तोच तर घोळ हाय. एकजण खोटं बोलत असता तर मी आज रातीला निवांत झोपलो असतो."

मी कारखान्यातला माणूस. मला असल्या गोष्टींची कीव यायची. मी म्हणायचो, "सोपं आहे अण्णा. अर्धं जंगल बंद ठेवा, अर्धं उघडं. दोन-चार वर्षांनी बघा कुठं जास्त जळलं."

"आणि अर्ध्यातली आग अर्ध्यात थांबती होय? तुमच्या कारखान्यात थांबत असेल."

त्यांचा हा अडकलेपणा मला पहिल्यांदा नीट कळला तो एका संक्रांतीला. त्या वर्षी आम्हा नवरा-बायकोला ते बसनं जंगलाच्या कडेच्या एका गावी घेऊन गेले. "तुमच्या पुण्यात नुसता तिळगूळ," म्हणाले. "हिथली संक्रांत बघा."

गावातली सगळी गुरं सकाळीच धुऊन काढलेली होती. शिंगं लाल-निळी रंगवलेली, कपाळाला हळद, गळ्यात झेंडू. आमच्या हातांवर प्रत्येक घरातून एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. उन्हं कलली तशी सगळी गुरं जंगलाच्या कडेच्या एका उघड्या पट्टीवर आणली. भाताच्या पेंढ्याची एक लांब ओळ घातली होती. तिला काडी लावली, आणि जाळ कमरेएवढा होतो न होतो तोच माणसं आरोळ्या देत गुरांसकट त्यावरून उड्या मारू लागली. माझी बायको माझ्या दंडाला गच्च धरून उभी. याला तिकडं किच्चू म्हणतात. गुरांच्या अंगावरची पिसू-गोचीड जाते म्हणे, वर्षाची इडापिडाही जाते. सगळ्यांत शेवटी एक उंच, काटकुळा गुराखी एका तांबूस गाईबरोबर धावत आला. दोघांनी एकदम उडी घेतली. माणूस पंचावन्नचा तरी असेल.

"हा मुनियप्पा," अण्णा म्हणाले. "ह्याला मी दोनदा पकडलाय आणि चारदा सोडलाय."

मुनियप्पा हसला आणि अण्णांच्या पायांकडं हात नेऊन "बुद्धी" म्हणाला. आपल्याकडं जसं धनी म्हणतात, तसं तिथले खेडूत बुद्धी म्हणतात.

मी पायाखाली पाहिलं. ती पट्टी गुरांनी इतकी बारीक चरून ठेवली होती, की हजामत केल्यासारखी जमीन दिसत होती. मी म्हटलं, "अण्णा, काडी मोडून खिशात टाकणारा माणूस तुम्ही. हे जंगलाला लागून चाललंय आणि तुम्ही बघताय?"

"मीच दिली ही जागा त्यांना," ते म्हणाले.

पूर्वी हा किच्चू गावात करायचे. संक्रांत म्हणजे सुगी, खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी उभ्या. एका वर्षी ठिणगी उडाली आणि गंजीबरोबर घरं गेली. तेव्हा अण्णांनी गावाला सांगितलं, की यापुढं किच्चू इथं, या पट्टीवर करा. इथं ठिणगीला खायला काही नाही. कागदावर मात्र पट्टी राखीव जंगलात होती, आणि तिथं विस्तव करणं गुन्हा. त्यामुळं हे सगळं तोंडी. दर संक्रांतीला अण्णा स्वतः येऊन उभे राहायचे आणि शेवटची राख हातानं चाचपून परत जायचे.

"बघा," येताना बसमधे म्हणाले, "गुरांनी ही पट्टी राखली म्हणून आग बाहेर थांबती. आणि हाच मुनियप्पा माघात आत जाऊन गवताला काडी लावतो. आता मी साहेबाला काय सांगू? गुरं ठेवा, आग. गुरं काढा, आग. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

अर्धं बंद, अर्धं उघडं हा माझा सल्ला मी तिथंच बसमधे सोडून दिला.

त्या उन्हाळ्यात अण्णांना मत द्यावंच लागलं. मोठे साहेब भले गृहस्थ होते, अण्णांना मान द्यायचे. अण्णांनी सांगितलं, आत चराई बंद करा, रोपं उभीच राहत नाहीत, हे मी पाहिलंय. मात्र कडेची पट्टी गुरांना उघडी ठेवा. साहेबांनी विचारलं, "पट्टीवर सोडलेली गुरं पट्टीवरच थांबतील?" अण्णांना हो म्हणता येईना. गाईला हद्द कशी कळणार? हुकूम निघाला तो सगळंच बंद करण्याचा. पट्टीच्या अलीकडून चर खणला गेला आणि मृगाच्या सुमारास बंदी लागू झाली.

"झालं ते बरं झालं म्हणायचं," अण्णा म्हणाले. पण त्या दिवशी माझी काडी घ्यायला विसरले. मीच ती मोडली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

पाऊस चांगला लागला आणि एके दिवशी दुपारी मुनियप्पा दारात उभा. हातात दोर, दोराला ती तांबूस गाय. पहाटे निघून सबंध वाट चालत आला होता. शिव्या नाहीत, गाऱ्हाणं नाही. परसात गेला, गाय पेरूच्या झाडाला बांधली आणि म्हणाला, "बुद्धी, बाकीची विकली. हिला कसायाशिवाय कुणी घेईना. जंगल तुम्ही बंद केलंत, आता हिला तुम्ही सांभाळा." अक्कांनी दिलेली कॉफी उभ्यानं प्यायला आणि निघून गेला.

अण्णा तिला नको म्हणू शकत होते. मुनियप्पाला चार समजुतीचे शब्द सांगू शकत होते. ते नुसते गाईसमोर जाऊन उभे राहिले आणि गाईनं त्यांच्याकडं पाठ फिरवली.

तांबूस म्हणून तिचं नाव केंची. आता या केंचीबद्दल थोडं सांगायलाच हवं. जवारी, म्हणजे गावठी जातीची, लहानशा चणीची, रानात वाढलेली गाय. दूध म्हणावं तर औषधापुरतं, तेही अक्का काढायला बसल्या तरच. मी एकदा हात लावून पाहिला तर बादली भिंतीवर आणि मी चिखलात. माझ्या बायकोचं वाळत घातलेलं लुगडं तिनं पदराकडून सुरुवात करून व्यवस्थित खाल्लं. घरमालक येऊन ओरडून गेला. "ही काय गाय आहे की चित्ता?" असं त्यानं विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "सरी, सरी, स्वल्प दिवस." म्हणजे बरं, बरं, थोडेच दिवस. ते स्वल्प दिवस पुढं किती लांबणार होते, हे बिचाऱ्या मालकाला काय ठाऊक!

आणि या गाईला चारा कुठला? ज्या माणसानं जंगलभरचं गवत कुलपात घातलं, तो कचेरीत जाण्याआधी विळा घेऊन आमच्या भागातल्या रिकाम्या प्लॉटांतून हराळी कापत फिरू लागला. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर भारा. एकदा एका बागेच्या कडेला कापत होते, तर बागेचा रखवालदार शिट्टी फुंकत आला. म्हणाला, इथं गवत कापायला बंदी आहे. अण्णा घरी आले ते हसतच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "इंजिनेर, मला चराईबंदी लागली वो!" थोड्या वेळानं पाणी तसंच राहिलं आणि हसू थांबलं होतं.

संध्याकाळ झाली की केंची दक्षिणेकडं तोंड करून हंबरायची. दोर ताणून, पेरूचं झाड हलवून. वर गच्चीवर अण्णा त्याच दिशेला तोंड करून उभे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही दया यायची. मी बायकोला म्हणायचो, "एकाला खाली बांधलंय, एकाला वर."

मग पुढची संक्रांत आली. सुट्टीचा दिवस. बंदीनंतर गावात जायला अण्णांना तोंड नव्हतं, म्हणून या वर्षी ते घरीच राहिले होते. अण्णांनी सकाळी केंचीला धुतलं. दुपारी मी परसात गेलो तेव्हा ते तिची शिंगं रंगवत होते. एक शिंग लाल करून झालं होतं. दुसऱ्यावर कुंचला टेकवला आणि त्यांचा हात थांबला.

"इंजिनेर," ते म्हणाले, "आज ते किच्चू कुठं करतील?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्या जागी."

"नेहमीच्या जागी आता गवत हाय."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. पट्टी चरणारी गुरं जूनपासून आत गेली नव्हती. मधे सबंध पावसाळा गेला होता. आता तिथं छातीएवढं गवत उभं असणार, आणि जानेवारीच्या उन्हानं कडक वाळलेलं. गावात गुरं थोडीच उरली होती, पण सण तर होता. चर ओलांडून माणसं जाणार, ज्या जागी रेंजरनं सांगितलं त्याच जागी पेंढा घालणार, थोडं गवत उपटतील न उपटतील आणि काडी लावणार. जागा अण्णांनीच दिलेली. जागा बंद करायलाही अण्णांनीच सांगितलेलं. या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यात एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. गावानंही नाही.

कुंचला तिथंच पडला. आम्ही धावत बसच्या थांब्यावर गेलो. सणामुळं दुपारनंतरची बस नव्हती. वाण्याच्या दुकानातून कचेरीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. सुट्टीच्या दिवशी उचलणार कोण? एका टांगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एवढ्या लांब घोडं मरेल. माझी सायकल काढली, तर अण्णा थोडं अंतर जाऊन गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसले. मी एकटा जाऊन काय करणार होतो? मला त्या गावाची वाटही धड ठाऊक नव्हती.

शेवटी आम्ही गच्चीवर चढलो. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सूर्य कलला होता. टेकड्यांखाली एक बारीक धुराची रेघ दिसली. कुणी चूल पेटवली असं वाटावं एवढीच. अण्णा म्हणाले, "पेंढा हाय. पेंढ्याचा धूर पांढरा असतो." आम्ही बघत राहिलो. रेघ रुंद झाली आणि तिचा रंग बदलला. खाली केंची हंबरत होती.

"वारा उगवतीचा हाय," अण्णा म्हणाले. "आत जाणार."

कठड्यावर ठेवलेल्या त्यांच्या हाताकडं माझं लक्ष गेलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर चुरडत होते. चिमटीत काडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते गेले आणि काही दिवसांनी काजळलेल्या कपड्यांनी परतले. माणूस कुणी गेलं नव्हतं. टेकडीची एक बाजू मात्र सगळी गेली होती. आणि मुनियप्पासकट गावातल्या पाच-सहा जणांना पोलिसांनी नेलं होतं. चराई बंद केली म्हणून सूड उगवायला यांनी जंगल पेटवलं, असा आरोप. तुम्हीआम्ही बाहेरून पाहिलं असतं तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

खात्याची चौकशी बसली. अण्णांचं निवृत्तीला फार राहिलं नव्हतं. ते गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. किच्चूची जागा तोंडी दिलेली. मुनियप्पा ती सांगून सांगून थकला होता, पण त्याचं ऐकतो कोण? चौकशीच्या आदल्या संध्याकाळी अक्का आमच्या पायरीवर येऊन बसल्या. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी गप बसा म्हणत न्हाई. पण स्वल्प विचार करा."

"विचार करून करूनच हे झालंय," अण्णा म्हणाले.

तिथं काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं, तेही तुटक. ते म्हणाले होते, जागा मी दाखवली. बंदीचं मतही मीच दिलं. जागा बदला हे गावाला सांगायचं मला सुचलं नाही. या लोकांनी मी सांगितलं तसंच केलंय. साहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी वाट करून दिली, "तोंडी बोललेलं कोण धरतो?" अण्णा म्हणाले, "मी धरतो की."

माणसं सुटली. अण्णांना मुदतीच्या आधीच घरी बसवलं. निरोपाचा हार नाही, चहा नाही. घरी आले, सदरा खुंटीला लावला आणि "सरी" एवढंच म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला होता आणि ते मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "अभिमान कसला वो? टेकडी काळी हाय अजून."

गंमत बघा, वाद त्यानंतर मिटला असेल असं तुम्हाला वाटेल. कचेरीत अण्णांच्या ओळखीचा एक कारकून होता, त्याच्याकडून कानावर यायचं. एक तट म्हणे, बघा, गुरं काढली म्हणून जळलं. रेंजरच तसं सांगून गेला. दुसरा तट म्हणे, बघा, गावाला जंगलात पाय ठेवू दिला म्हणून जळलं. रेंजरच तसं सांगून गेला. दोन्हीकडं साक्षीला अण्णाच. बंदी मात्र उठली नाही.

आता ते मोकळे होते. बेळगावकडं घर होतं, भाऊ होता. अक्कांनी तर ट्रंकाही भरायला काढल्या. पण केंचीचं काय? गाडीतून नेणं झेपणारं नव्हतं, विकली तर कुठं जाणार ते ठाऊक होतं, आणि जिथली होती तिथं तिला जागा नव्हती. ट्रंका पुन्हा पलंगाखाली गेल्या. कचेरी सुटली तरी अण्णांचं शहर काही सुटलं नाही. दिवसभर हराळीचा शोध, संध्याकाळी गच्ची.

मुनियप्पाही शहरात आला. गुरं नाहीत तर गावात करायचं काय? जयनगरला तेव्हा घरांमागून घरं उठत होती, तिथं चुन्याच्या पाट्या वाहायला लागला. रविवारी परसात यायचा. तो आणि अण्णा पेरूखाली बसायचे. केंची त्याचा हात चाटायची, मग त्याच्या बोटांना लागलेल्या चुन्यानं फुरफुरायची.

त्यानंतरच्या संक्रांतीला मुनियप्पा उसाची कांडकी घेऊन आला. गावात किच्चू बंद झाला होता. तसा हुकूमच होता. अक्कांनी सगळ्यांना एळ्ळु-बेल्ल दिलं. केंचीची शिंगं या वेळी दोन्ही रंगवली होती. उन्हं उतरली आणि अण्णा आत जाऊन तो बिस्किटांचा डबा घेऊन आले.

परसातली जमीन त्यांनी आधीच झाडून, पाणी शिंपडून घेतली होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन बादल्या पाणी. डबा उघडून त्यांनी काड्यांचे तुकडे जमिनीवर ओळीनं मांडायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या माझ्या सिगारेटी, त्यांचे स्टोव्ह, देवापुढचे दिवे, सगळं त्या ओळीत होतं. मुनियप्पा आधी नुसता बघत राहिला, मग तोही उकिडवा बसला आणि मांडू लागला. दोन म्हातारे, एकानं दुसऱ्याचं रान बंद केलेलं, लहान मुलांसारखे काड्या मांडत होते.

"इंजिनेर, काडी द्या."

मी पेटी दिली. ओळ पेटली. जाळ वीतभर, तोही कसाबसा. मुनियप्पानं दोर सोडला आणि तोंडानं आरोळी दिली. कमरेएवढ्या जाळावरून उडी घेणारी ती गाय पुढं आली, तिनं मान खाली घालून त्या जाळाचा वास घेतला आणि उंबरा ओलांडावा तशी सावकाश पलीकडं गेली. मुनियप्पा खदखदून हसला. अण्णाही हसले. मग त्यांनी राख हातानं चाचपली, सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हातातली काडी मोडून डब्यात टाकायला गेले. डबा रिकामा होता. त्यात त्या दोन तुकड्यांचा आवाज झाला.

त्याच चैत्रात एका सकाळी गच्चीच्या जिन्यावर बसल्या बसल्या अण्णा गेले. अक्कांचे दीर आले, ट्रंका पुन्हा पलंगाखालून निघाल्या. जाताना अक्कांनी माझ्या बायकोला दुधाची चरवी दिली, डबा मात्र बरोबर नेला. अण्णांविना त्या परसात पाय ठेवायला मला नको वाटायचं. अजूनही काडी मोडताना त्यांचा आवाज कानाशी येतो आणि मी थांबतो.

अक्का बेळगावकडं गेल्या त्या संध्याकाळी मुनियप्पा केंचीला न्यायला आला. मी विचारलं, "कुठं नेणार?"

"बांधकामाच्या मागं थोडी जागा आहे, सामी. बांधतो तिथं."

म्हणजे जयनगरच्या बाजूला. त्यानं पेरूचा दोर सोडला. मी कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. तिथं रस्ता फुटतो. एक शहराकडं जातो, दुसरा शेतांमधून दक्षिणेकडं. केंची कुणी न सांगता दक्षिणेकडं वळली आणि भराभर चालू लागली. दोर संपेपर्यंत मुनियप्पानं तिला जाऊ दिलं. दोर ताणला तशी ती थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मुनियप्पाही थोडा वेळ तिच्याबरोबर टेकड्यांकडं बघत उभा राहिला.

मग त्यानं दोर हाताला गुंडाळला आणि तिला ओढून शहराकडं वळवलं.